टूथ फेअरी किट, वीस दात आणि वीस रुपयांचं नाणं

हे किट मी एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवलं, 649 रुपयांना, चार दिवसांत ठाण्यात कासारवडवलीला घरपोच आलं. लगेच रिव्ह्यू लिहा म्हणून मेसेज यायला लागले पण लेकीचा दातच पडला नव्हता तर लिहिणार काय. आता खालचे पुढचे दोन्ही दात पडून झालेत म्हणून सगळं नीट सांगते. आणि किटपेक्षा जास्त ज्याने डोकं खाल्लं तेही सांगते, म्हणजे पडलेला दात रात्री उशाशी ठेवला की परी येऊन तो नेते आणि पैसे ठेवते असं मुलांना सांगतात ना, तर त्या परीने ठेवायचे किती. कारण किटमध्ये सगळं येतं, फक्त हेच येत नाही, आणि घरात खरा प्रश्न तिथेच येतो.

आत काय मिळतं ते आधी. दात ठेवायची लाकडी डबी, दाराला किंवा उशीला लावायची छोटी कापडी उशी जिला पुढे खिसा आहे, परीकडून आलेली म्हणून द्यायची दहा कार्डं, एक सोनेरी प्लास्टिकचं नाणं आणि चमकीची एक बाटली.

डबी चांगली आहे, खरंच चांगली आहे. तळहाताएवढी, उघडली की एका बाजूला वरचा जबडा एका बाजूला खालचा, दुधाचे वीस दात म्हणून वीस खाचा, प्रत्येक खाचेशेजारी वय आणि तारीख लिहायला बारीक रेघ. कडा नीट घासलेल्या आहेत, बोटाला कूस लागत नाही. मधोमध दोन छोट्या काचेच्या बाटल्या आहेत, एक जावळासाठी आणि एक नाळेसाठी. सासूबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, अगं जावळ काय डबीत भरून ठेवतात होय, ते पाण्यात सोडतात. त्या बाटल्या मी काढूनच ठेवल्या, आमच्याकडे दोन वर्षांचा धाकटा आहे आणि तो हातात येईल ते तोंडात घालतो. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी पहिल्या दिवशीच त्या बाजूला काढा.

एक गोष्ट किटच्या कागदावर कुठेच लिहिलेली नाही आणि ती लिहायला हवी होती. पहिला दात मी नुसता पाण्याखाली धरून पुसून खाचेत ठेवला, चार दिवसांनी डबी उघडली तर वास, आणि खाच काळपट झालेली. दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचं मूळ बरंचसं विरघळून गेलेलं असतं त्यामुळे खालून तो पोकळ असतो आणि त्या पोकळीत रक्ताचं थोडं काहीतरी राहतंच. तर जुन्या मऊ ब्रशने आतूनही घासून घ्या, मग दोन दिवस कागदावर उघडा सुकू द्या, मगच डबीत.

आता कापडी उशी. दिसायला गोड आहे, गुलाबी आणि निळ्या रंगात मिळते, पण खिशाला वेल्क्रो लावलंय. हे ज्याने कोणी ठरवलं त्याने रात्री साडेबारा वाजता झोपलेल्या मुलीच्या कानापासून वीतभर अंतरावर वेल्क्रो उघडून बघितलेलं नाही हे नक्की. चर्रर्र असा आवाज झाला की नवरा तिथेच हात धरून उभा राहिला, मी पंखा पाचवर केला, लेक कूस बदलून पुन्हा झोपली म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी मी ते वेल्क्रो उसवून एक प्रेसबटण लावलं. कंपनीने हे बदलायला हवं, ज्या वस्तूचं कामच चोरपावलांचं आहे तिला आवाज कशाला.

आणि उशी उशीला लावू नका, दाराच्या कडीला अडकवा. आमच्याकडे दोन्ही मुलं एकाच गादीवर झोपतात आणि धाकट्याच्या हाताशी रात्रभर नाणं आणि दात असणं मला बरोबर वाटलं नाही. लेकीला सांगितलं की परीला खिडकीतून येताना कडी आधी दिसते, तिला पटलं.

चमकीची बाटली मी फेकली. उशीवर टाकायची आणि परी येऊन गेल्याची खूण म्हणायची अशी कल्पना आहे, पण ती चमकी डोळ्यात जाते, गादीतून निघत नाही, आठवडाभर भातात सापडते. प्लास्टिकचं नाणं धाकट्यापासून लपवण्यातच दिवस जातो म्हणून तेही गेलं.

कार्डांबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे पण त्याआधी तो पहिला दात.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि एक दिवस दात घासताना बघितलं तर खालच्या पुढच्या दाताच्या मागे दुसरा दात आलेला, आणि पुढचा अजून घट्ट. मी घाबरले. नौपाड्यात मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या की हे खूप मुलांमध्ये होतं, दुधाचा दात हलत असेल तर त्याला रोज जिभेने हलवू दे, तो पडला की मागचा जिभेच्या ढकलण्याने पुढे सरकतो, नाहीच हलला तर काढू. जाताना त्यांनी लेकीला हातातला आरसा दाखवून समजावलं की तोंडात वीस दुधाचे आहेत, साधारण सहाव्या वर्षापासून पडायला लागतात आणि बाराव्यापर्यंत सगळे जातात. आणि मला वेगळं सांगितलं की सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती कुठलाही दात न पडता येते, आईबापांना वाटतं दुधाचीच आहे, आणि ती कायमची असते, ब्रश तिथपर्यंत पोचतोय का बघा. तेव्हापासून मी रोज रात्री बघते.

मग जुलैत एका रविवारी उपवनला गेलो, पाऊस थांबलेला, तळ्याकाठी कणीस घेतलं, आणि तिसऱ्या घासाला लेक कणीस हातात धरून थांबली. कणसाच्या दाण्यांमध्ये एक दाणा पांढरा होता. ती रडली नाही, मला वाटलेलं रडेल, तिने तो दात स्वतः काढला आणि मुठीत इतका घट्ट धरला की घरी येईपर्यंत तळव्यावर त्याचा वण उठलेला.

घरी आल्यावर रात्री लक्षात आलं की ठेवायचं काय. आमच्या घरात रोकड नसतेच हल्ली, दूध फोनवरून, भाजी फोनवरून, रिक्षावाल्यालाही स्कॅन. नवरा म्हणाला शंभर ठेवू, पण शंभरची नोटच नव्हती, पाचशेची एक होती ती बाईंच्या पगारातली. मी म्हटलं दहा पुरे, तर दहाही नाहीत. शेवटी मंदिरात जायच्या पिशवीत वीस रुपयांचं नाणं सापडलं. ते खिशात घातलं, वेल्क्रोची ती भानगड झाली, आणि झोपलो.

सकाळी लेकीने ते नाणं खिडकीशी नेऊन बघितलं. तिने याआधी वीसचं नाणं हातात घेतलं नव्हतं. ते गोल नसतं ना, बाहेरची कडी रुपेरी आणि आतला भाग सोनेरी, त्यावर धान्याचं चित्र. तिने बोट फिरवत कडा मोजल्या, बारा भरल्या. मग म्हणाली, आई हे परीचंच आहे, आपल्याकडे असलं नसतं. त्या दिवशी तिच्यासाठी ते वीस रुपये नव्हते, ती एक वस्तू होती.

आणि चार दिवसांनी व्हॅनमधून उतरली ती गप्प. जेवताना विचारलं तर आधी काही नाही म्हणाली, मग वरणभात कालवत खाली बघून म्हणाली, आई माझ्या दाताला भोक होतं का?

व्हॅनमधल्या मैत्रिणीला परीने पाचशे दिले होते.

आता ती कार्डं. प्रत्येक कार्डावर परीने दाताला शेरा द्यायचा अशी जागा आहे, चकचकीत, ठीकठाक, किडका, आणि खाली रक्कम. मी चकचकीतवर टिक केली होती आणि वीस लिहिले होते. माझ्या पोरीने सरळ हिशोब लावला की तिला पाचशे म्हणजे तिचा दात चांगला, मला वीस म्हणजे माझा दात वाईट आणि परीने नुसतं बरं वाटावं म्हणून चकचकीत लिहिलं. सहा वर्षांचं मूल हा हिशोब करतं. त्या रात्री मी उरलेली नऊ कार्डं कात्रीने शेऱ्याच्या ओळीवर कापली.

दाताच्या दर्जावर पैसे लावू नका हो, हे मी हात जोडून सांगते. मुलाचे पुढचे दात किडतात ते बरेचदा रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवल्याने, आणि ती बाटली आपणच दिलेली असते. मग किडलेल्या दाताला कमी पैसे म्हणजे आपल्या चुकीचा दंड पोराने भरायचा. ब्रश करायला लावायचा असेल तर शेजारी उभं राहून करून घ्या, रोज, दोनदा.

त्या रात्री नवरा म्हणाला वाढवू या, पुढच्या दाताला शंभर करू, हसेल ती. मी म्हटलं मग व्हॅनमध्ये उद्या कोणी हजार सांगितले तर? तो फोनवर शोधत बसला आणि मला वाचून दाखवत होता. अमेरिकेत डेल्टा डेंटल म्हणून दातांच्या विम्याची कंपनी आहे, ती 1998 पासून परीच्या पैशांचा सर्व्हे करते. 1998 ला एका दाताचे सरासरी 1.30 डॉलर होते, 2023 ला 6.23 झाले आणि 2025 ला उतरून 5.01. म्हणजे आपले चारशेच्या वर, वीस दातांचे आठ हजार. नवरा म्हणाला आठ हजारात सायकल येते. पण मला त्यातलं दुसरंच काहीतरी लागलं. त्यानेच वाचलेलं की परीचा छापून आलेला सगळ्यात जुना माहीत असलेला उल्लेख 1908 चा, शिकागोच्या एका पेपरात घरगुती सल्ल्यांच्या सदरात, की हलणारा दात काढू न देणाऱ्या मुलाला परीचं सांगा, आणि आयांनी पाच सेंटच्या काउंटरवर जाऊन छोट्या छोट्या वस्तूंचा साठा आधीच करून ठेवावा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ते सदर लिहिणाऱ्या बाईने बरोबर सांगितलं होतं, वस्तू छोटी ठेवा आणि आधीच आणून ठेवा. रात्री साडेबाराला पिशव्या झाडत बसलं की माणूस हाताला येईल ते ठेवतो आणि मग तोच दर होऊन बसतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मैत्रिणीच्या आईला फोन केला. लाज वाटत होती पण केला. ती म्हणाली अगं बाई, पाचशे आमच्या आजोबांचे, पुण्याहून आलेले, नातीचा पहिला दात म्हणून त्यांनीच उशीखाली ठेवले, मला सकाळी कळलं, आता पुढच्या दाताला मी काय करू सांग. म्हणजे तीही तिथेच अडकलेली. आम्ही दोघींनी फोनवरच ठरवलं की आजोबांचे पैसे आजोबांचे, खाऊचे, ते हातात द्यायचे आणि मुलीने पाया पडून घ्यायचे. परीचे वेगळे. तिने तिच्या मुलीला तसं सांगितलं आणि मी माझ्या. लेकीला मी एवढंच म्हटलं की तुझ्या दाताला भोक नव्हतं, डॉक्टरांनी आरशात दाखवलेलं ना, आणि ते पाचशे तिच्या आजोबांनी ठेवलेले. ती म्हणाली मग परीने तिला किती दिले? मी म्हटलं परीचं वीसच असतं. ती म्हणाली, बरं. आणि उठून खेळायला गेली.

तर आमचा आकडा ठरला तो असा. एका दाताला एक नाणं, वीसचं, पहिल्याला तेच आणि विसाव्या दाढेलाही तेच. वीस दात वीस रुपये, सहा वर्षांत मिळून चारशे. तुमच्या घरी दहा असेल तर दहा ठेवा, पन्नास झेपत असेल तर पन्नास, पण आकडा असा धरा की वीस वेळा देता येईल आणि धाकट्यालाही तोच देता येईल, त्याचे वीस अजून पुढे आहेतच. पहिल्या दाताला जास्त देण्याचा मोह खूप होतो, तो मोह फोटो काढून आणि रव्याचा शिरा करून भागवा. आणि नोट नको, नाणंच. पाकिटावर तो एक रुपया चिकटवलेला असतो ना लग्नामुंजीच्या, मुलं आधी तो रुपया खरवडतात, नोट आईकडे देतात. हातात वजन लागतं त्याचं सुख वेगळं.

नाणी कुठून आणायची, तर बँकेत नवऱ्याला दोनदा परत पाठवलं, आज नाहीत उद्या या. मग जांभळी नाक्याला मार्केटमध्ये गेला तेव्हा फुलवाल्या मावशींना विचारलं, त्यांनी टोपलीखालची पिशवी काढून बारा नाणी मोजून दिली, म्हणाल्या ने बाबा, गिऱ्हाईक घेताना कुरकुर करतं. ती आता चहाच्या रिकाम्या डब्यात आमच्या कपाटात वर आहेत.

पहिल्या नाण्याचं काय केलं तेही सांगते. महिनाभर नुसतं सांभाळलं. मग ऑगस्टमध्ये पुन्हा उपवनला गेलो तेव्हा स्वतः ते देऊन तिखटमीठ लावलेला पेरू घेतला. पुढे दात नाही त्यामुळे चावता येईना, मान तिरकी करून बाजूच्या दाढांनी एक एक फोड कुरतडत होती, हनुवटीला सगळं तिखट, आणि कोणाला एक फोड देईना. मागितली तर म्हणाली, माझ्या दाताचा आहे.

दुसरा दात गणपतीत पडला, चिपळूणजवळ आमच्या गावी. किट मी बरोबर नेलं होतं. पण सासूबाई म्हणाल्या इथे परीबिरी नाही, इथे कौल आहे. त्यांच्या लहानपणी दात कौलावर फेकायचे आणि उंदीरमामाला सांगायचं माझा जुना घे तुझा नवा दे. लेकीने विचारलं उंदीरच का? मला हे माहीत होतं म्हणून मी सांगितलं की उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याच्यासारखे मागायचे. नवऱ्याने आणखी भर घातली की स्पेनमध्येही परी नसते, तिथेही उंदीरच येतो, त्याला पेरेझ म्हणतात, आठ वर्षांच्या राजाचा दात पडला तेव्हा 1894 साली त्याच्यासाठी एका पाद्र्याने त्याची गोष्ट लिहिली होती. सासूबाईंना हे फार आवडलं, बघ म्हणाल्या, राजाकडेसुद्धा उंदीरच.

आमच्या बिल्डिंगला कौल नाही, गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आणि चौदाव्या मजल्यावरून काही फेकायचं नाव काढायचं नाही. त्यामुळे मला वाटलं हा एक तरी दात कौलावर जाऊ दे. आजीने तिला अंगणात उभं केलं, पाठ घराकडे करून डोक्यावरून मागे टाकायला लावलं, पहिल्यांदा पागोळीतून खाली आला, दोघींनी झेंडूच्या रोपांत शोधला, दुसऱ्यांदा वर राहिला. टुक असा बारीक आवाज झाला फक्त. सकाळी तिच्या उशाशी नाणं होतं, वीसचंच, मी डब्यातलं एक बरोबर नेलं होतं. उंदीरमामाला परीचा भाव कसा माहीत असं तिने विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, एकाच गावात राहतात ना ते, विचारलं असेल.

पण घरी आल्यावर डबीतली दुसरी खाच रिकामी, आणि ते तिला चालेना. तिने गावाहून फ्रॉकच्या खिशात कौलाचा एक तुकडा आणला होता, तो तिने त्या खाचेत बसवला आणि मला शेजारच्या रेघेवर तारीख लिहायला लावली. तुकडा जरा मोठा आहे त्यामुळे डबीचं झाकण आता पूर्ण लागत नाही, मी रबर लावून ठेवलीय.

बाकी किटला पाचपैकी तीन. डबीला पाच देईन, वेल्क्रोला आणि कार्डांना एकही नाही. नुसती डबी वेगळी मिळत असेल तर तीच घ्या, उशी घरी जुन्या ओढणीची होते. कंपनीच्या माणसांनी हे वाचलं तर कार्डावरचा शेरा काढा, दात कसे धुवायचे सुकवायचे ते छापा, दाढांच्या खाचा पुरतात का ते मला अजून माहीत नाही, तिच्या दाढा पडायला नऊ-दहा वर्षांची होईल, तेव्हा इथेच लिहीन.

कालपासून वरचा पुढचा हलतोय. डब्यात अकरा नाणी आहेत.